चवदशीचं पान

“हे एकच एवढं का रे झिजलंय?” देवव्रतने विचारलं आणि मला त्याचा राग आला. शाळेपासूनचा मित्र. बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन बोरीवलीच्या फ्लॅटमध्ये जुनी नाणी नि पदकं जमवत बसलेला असतो. त्याच्याकडे मी राजारामकाकांची पदकं नेली होती ती फक्त फिती बदलून घ्यायला. जुन्या फितींचा पार भुगा झाला होता, उचललं की धागे बोटाला चिकटायचे. पितृपक्ष चालू होता आणि चवदस तोंडावर आलेली. चवदशीला काकांचं पान वाढलं की शेजारी ही पदकं मांडायची, अशी आमच्या घरची रीत. यंदा ती जरा माणसात दिसावीत एवढाच माझा हेतू. आईला सांगितलं नव्हतं. ती पदकं उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही, आणि गंमत म्हणजे देवातही ठेवत नाही. स्वयंपाकघरात तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर एका डब्यात ठेवते. देवव्रतने भिंग घेतलं, एकेक पदक फिरवून काठावरचा नंबर वाचला, हुद्दा वाचला, राजाराम परब हे नाव वाचलं. नग झकास आहेत म्हणाला. मग ते गुळगुळीत पदक हातात घेऊन बसला. बाकीच्यांवर चिन्हं दिसत होती, अक्षरं लागत होती. हे पुढून-मागून सपाट, देवळाच्या पायरीसारखं. मी सव्वीस वर्षं अंधेरीच्या एमआयडीसीत माल तपासायचं काम केलं. कुठला भाग किती घासला गेलाय आणि का, एवढंच बघायचा पगार घेतला. आणि घरातलं हे पदक मला कधी दिसलं नव्हतं. राग त्याचाच होता, देवव्रतचा नव्हता.

फितीचा एक तुकडा पट्टीच्या आत दुमडून राहिला होता, त्यात रंग शिल्लक होता. त्यावरून त्याने ओळखलं. मला विचारलं, काका कधी गेले म्हणालास? म्हटलं, एकाहत्तरच्या लढाईत, डिसेंबरात, पूर्वेच्या बाजूला. देहसुद्धा आला नाही. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलंय की ते पाढ्यासारखं आपोआप येतं. त्याने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, “निल्या, हे लढाईचं नाहीच आहे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा वाटलेलं हे. बाहत्तरच्या पंधरा ऑगस्टला जो नोकरीत होता, त्याला.” मरणोत्तर दिलं असेल, मी म्हटलं. “मरणोत्तर शौर्याचं देतात, यार. हे हजेरीचं आहे. मेलेला माणूस हजेरी लावत नाही.” त्याच्या बायकोने चहा आणला. मी तो प्यालो, साखर जास्त होती, तसं बोललोही बहुतेक. काठावरचा नंबर त्याने कागदावर उतरवून घेतला. ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत, विचारतो म्हणाला. मी पदकं रुमालात बांधली. नव्या फितींचं राहूनच गेलं.

परतीची बस दिंडोशीच्या पुलाखाली अडकली आणि मांडीवरच्या रुमालाकडे बघत मी बसून राहिलो. काकांना मी पाहिलेलं नाही, माझा जन्म पंचाहत्तरचा. पण माझं सगळं लहानपण त्यांच्या नावावर चढवलेलं आहे. शाळेत मी कोणाशी बोलत नसे. सुट्टीत जिन्याखाली एकटा बसायचो. दिवाळीत लवंगी फटाका वाजला तरी कान दाबून घरात पळायचो. कधी कधी आठवडाच्या आठवडा काही गिळवत नसे, आणि का ते सांगता येत नसे. दुसऱ्या घरात अशा पोराला घुम्या म्हणून टपल्या मारल्या असत्या. आमच्याकडे सगुणाआजी, म्हणजे काकांची आई, माझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि म्हणायची, अगदी राजारामावर गेलाय. भिंतीवर त्यांचा गणवेशातला फोटो होता, हार घातलेला, डोळे कॅमेऱ्याकडे नसून जरा बाजूला, कोणीतरी हाक मारल्यासारखे. मी खुर्चीवर चढून त्या डोळ्यांत बघायचो. माणूस असाच गप्प होता, असाच जेवायचा नाही, आणि तरी बंदूक घेऊन उभा राहिला आणि देशासाठी मेला. म्हणजे माझ्यात जे आहे ते वाईट नाही, त्याचं पुढे काहीतरी चांगलं होतं, असा माझा हिशेब. इतर मुलांना ताकदीचं टॉनिक द्यायचे, मला ते एक वाक्य होतं. त्या वाक्यावर मी पन्नास वर्षं उभा आहे, हे मला दिंडोशीच्या पुलाखाली पहिल्यांदा कळलं, कारण ते हलायला लागलं होतं.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच. नाहूरला आम्ही येऊन वीस वर्षं झाली, त्याआधी मुलुंडची चाळ, त्याआधी म्हणे घाटकोपरची. घाटकोपर का सोडलं, तर पाण्याचा त्रास होता. मुलुंडच्या चाळीत पाण्याचा त्रास त्याहून मोठा होता, पण हे विचारायचं कधी सुचलं नाही. आईने रुमालाकडे पाहिलं, तो घेतला आणि डब्यात ठेवून दिला. मी बाथरूममध्ये शिरलो. आमच्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नाही. बिल्डरने लावून दिल्या होत्या; ताबा मिळाल्याच्या आठवड्यात आईने सुताराला बोलावून सगळ्या काढायला लावल्या आणि तेव्हा हयात असलेले बाबा, जन्मभर गिरणीच्या आवाजात काम केल्यामुळे घरातही ओरडून बोलणारे माझे बाबा, त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या बायकोचा, नेत्राचा, यावरून किती संताप व्हायचा. तिने एकदा गुपचूप आणून लावली होती बेडरूमला. दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर काढून ठेवलेली सापडली, स्क्रूसकट. चाळीतली माणसं, सवय जात नाही, असं मी नेत्राला समजावत आलो. पूर्वी, आमची मुलगी, मैत्रिणींना घरी आणत नाही ती याच कारणाने. दारं नुसती लोटायची आणि आत असताना गुणगुणायचं, हा आमच्या घरचा शिष्टाचार.

आणि आई बाहेर स्टुलावर बसते. हे तीन वर्षांपूर्वी सुरू झालं असं मी धरून चाललो होतो. तेव्हा कंपनी गुजरातला हलली आणि पन्नाशीच्या तोंडावरच्या आम्हा लोकांना नारळ मिळाला. आधी काही वाटलं नाही. मग एका सकाळी चप्पल घालायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. त्यानंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत. पलंगाची कड आठवते, खिडकीच्या गजावर वाळत घातलेल्या मुलीच्या ओढणीचा निळा रंग आठवतो, आणि डोक्यात सतत चाललेला एक बारीक आवाज, फ्रीजसारखा, जो बंद झाला तरच कळलं असतं की तो होता. मुलुंडच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. नेत्राने ट्यूशन वाढवल्या. नको ते विचार यायचे, स्पष्टच सांगतो, रोज यायचे, जेवायला बसल्यासारखे शेजारी येऊन बसायचे. अशा वेळी मी डबा उघडून काकांची पदकं हातात घ्यायचो. ती थंड असायची, वजन असायचं त्यांना. याच्यावर गेलोय मी, हा पळाला नाही, असं स्वतःला सांगायचो. बाथरूममध्ये जरा वेळ लागला की बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज यायचा, आणि आई विचारायची, पाणी येता मां रे? येतंय, मी म्हणायचो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. म्हातारी एकटी पडलीय, बोलायला कोणी नाही, म्हणून नळाच्या निमित्ताने बोलते, असं मला वाटायचं. कधी कधी वैतागायचोही. पण उत्तर द्यायचो.

देवव्रतचा फोन दोन-तीन दिवसांत आला. सुभेदारसाहेबांनी कोणाला तरी विचारलं होतं. काका लढाईत होते हे खरं, अगदी पुढे होते. पण मेले नाहीत. त्र्याहत्तरच्या सुरुवातीला तब्येतीच्या कारणावरून त्यांना घरी पाठवलं. कसली तब्येत ते त्या माणसाने सांगितलं नाही किंवा देवव्रतने मला सांगितलं नाही. “घरी म्हणजे कुठे?” मी विचारलं. “घरी म्हणजे घरी, रे. तुमच्याकडे.” फोन ठेवून मी गॅलरीत उभा राहिलो आणि मला एकदम हसू आलं. काका जिवंत आले होते! आले आणि मग निघून गेले असणार. भांडण झालं असेल, कोणा परजातीच्या मुलीशी लग्न केलं असेल, आजीने त्यांना मेलेला म्हणून टाकलं असेल. आजी होतीच तशी, एकदा कातर लावली की लावली. बाबा प्रजासत्ताक दिनाचं संचलन टीव्हीवर लागलं की पाव आणायला खाली का उतरायचे, तेही आता जुळलं. भावाला तोडल्याची टोचणी. म्हणजे पन्नास वर्षं आम्ही एका जिवंत माणसाला कावळ्याच्या पानावर जेवू घालतोय. मला आजीचा, बाबांचा, सगळ्यांचा भयंकर राग आला आणि त्याच्या खाली, कबूल करायला हरकत नाही, आनंद होता. मेला नाही तो. सुटला. कुठेतरी ऐंशी पार केलेला माझ्यासारखा एक गप्प म्हातारा बाकावर बसलाय. मी स्टेशनजवळच्या बागेत जाऊन म्हाताऱ्यांचे चेहरे बघायला लागलो. एक जण जरा बाजूला बघत होता. त्याच्या मागे मी मेडिकलच्या दुकानापर्यंत गेलो. त्याने वळून विचारलं, काय पाहिजे, तर मी दुकानदाराकडे खोकल्याच्या गोळ्या मागितल्या.

चवदशीच्या सकाळी नेत्रा शाळेत शिकवायला आणि पूर्वी कॉलेजला गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. आई वड्यांचं पीठ थापत होती. काळ्या वाटाण्याचं सांबारं झालं होतं, भोपळ्याची भाजी झाली होती, खीर एका बाजूला निवत ठेवलेली. बहात्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेत, पण या एका दिवशी कोणाला ओट्याला हात लावू देत नाही. पदकं पाटावर मांडलेली होती, घासून लख्ख. मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. सरळ सांगितलं की हे पान आज वाढायचं नाही. चवदस लढाईत शस्त्राने गेलेल्यांची. राजारामकाका लढाईत गेले नाहीत, ते बाहत्तर सालात नोकरीत होते, त्र्याहत्तरला घरी आले, माझ्याकडे पुरावा आहे. ते हयात असतील तर पान वाढणं पाप आहे, आणि कुठेतरी आपोआप गेले असतील तर त्यांचा दिवस सर्वपित्री अमावास्या. आजीने रचलेलं हे नाटक मी यापुढे या घरात चालू देणार नाही, असंही म्हणालो. माझा आवाज बाबांसारखा चढला होता.

आईने हातातला वडा तेलात सोडला. तो फुगून वर आला, तिने उलटला, काढला, आणि गॅस बंद केला. दुसरा वडा प्लास्टिकच्या कागदावर थापलेला तसाच राहिला.

“दिस बरोबर आसा,” ती म्हणाली. मी पुन्हा सांगायला लागलो, तर तिने पिठाचा हात वर केला. “चवदस काय फकत लढायेतल्यांची नसता, निलेश. जे आपल्या मरणान मरूक नाय, त्या सगळ्यांची ती.”

मला कळलं नाही. म्हणजे ऐकू आलं, शब्द कळले, पण ते आत शिरेनात. ती तिथेच ओट्याला टेकून, माझ्याकडे न बघता, हळूहळू सांगत गेली. ती लग्न होऊन घाटकोपरच्या खोलीत आली त्या वर्षीच भावजी आले. ट्रंक घेऊन आले, छातीला पदकं नव्हती, ती नंतर पोस्टाने आली. कोणाशी बोलत नसत. जेवत नसत. स्टोव्हचा भडका झाला की पलंगाखाली जात. चांगला माणूस, ती कपबशी धुवायला लागली तरी तिला त्रास नको म्हणून उठणारा. गावाला कळवलंच नव्हतं ते आल्याचं. जरा बरे झाले की नेऊ, असं सगुणाआजी म्हणे. पावसाळा गेला, नवरात्र गेलं. एका दुपारी घरात आई आणि ते, दोघंच होते. ते आत होते, ती बाहेर तांदूळ निवडत बसली होती. वेळ झाला तरी बाहेर आले नाहीत. मोठ्या दिराला हाक कशी मारायची, नवी नवरी, म्हणून ती गप्प बसून राहिली.

“मी हाक मारूक नाय,” ती म्हणाली. “तुझो बापूस कामावरसून इलो, त्येणा दार मोडल्यान. आतसून कडी घातलेली.”

गावाला काय सांगायचं हे आजीने ठरवलं. लढाईला दोनच वर्षं झाली होती, त्यानंतर गावाने त्यांना पाहिलं नव्हतं, गावच्या पंचक्रोशीत कितीतरी घरी तारा आल्या होत्या. त्यात आमची एक बसून गेली. घाटकोपरची चाळ सोडली, कारण तिथल्यांना माहीत होतं. दिवस मात्र आजीने खोटा धरला नाही. भटाला खरं सांगून विचारलं आणि त्याने चवदस सांगितली. दोन्ही बाजूंनी चालणारा दिवस. मग पदकं आली. बाबा म्हणाले, यातल्या एकावर साल आहे. आजीने ते सुनेच्या हातात दिलं आणि सांगितलं, दसऱ्याला भांडी काढशील तेव्हा हे जरा जास्त घास. चिंच, राख, वर विटेची पूड. दर दसऱ्याला. टाकून का नाही दिलं, मी विचारलं. माझा आवाज मला परका वाटला. आई म्हणाली, टाकणार कसं, काठावर त्याचं नाव आहे.

मी खाली बसलो, फरशीवरच. काकांवर गेलाय. आजी हे म्हणायची तेव्हा तिचा हात माझ्या तोंडावरून फिरायचा आणि मला वाटायचं ती मला ओवाळतेय. ती घाबरलेली होती. ती, आई, बाबा, तिघेही माझ्याकडे बघून घाबरलेले होते, मी जिन्याखाली बसायचो तेव्हापासून. सुताराला बोलावून काढलेल्या कड्या. नेत्राने लावलेली आणि रात्रीतून उपटलेली कडी. मी ज्याला आधार म्हणून धरत आलो, तो माणूस स्वतःच धरायला काही न मिळता गेला होता. आणि मी त्याच्यासारखा आहे हे मला पन्नास वर्षं रोज आवडत आलं होतं. भीती वाटली. साधी, लवंगी फटाक्याची भीती. ती तीन वर्षांपूर्वीची पलंगाची कड अजून आतल्या खोलीत होती, काही फार लांब नव्हती. मी पाटावरचं ते गुळगुळीत पदक उचललं आणि नखाने काठ चाचपला. नाव लागलं. देवव्रतने ते भिंगाखाली वाचलं होतं तेव्हा ते एका जवानाचं नाव होतं. आता ते खोलीत कडी घालून बसलेल्या, हाक ऐकू यायची वाट बघणाऱ्या किंवा न बघणाऱ्या, तिशीतल्या एका माणसाचं होतं.

आईला म्हटलं, मला आधी सांगायला हवं होतंस. तिने पिठाचे हात धुतले. मग पदरानं हात पुसत म्हणाली, सांगितलं असतं तर तुला वाट कळली असती. इतकंच. पुन्हा गॅस लावला, थापलेला वडा उचलून तेलात सोडला. पान वाढलं. मी ते नेहमीसारखं गच्चीवर नेलं, पदकं शेजारी मांडली, आणि दर वर्षी काय म्हणतो ते म्हणायला गेलो तर तोंडातून काही निघेना. मान खाली घालून उभा राहिलो. कावळा आला आणि त्याने वडा नेला. दर वर्षी लगेच येतो. आम्ही म्हणायचो, वीराचा आत्मा, कशात अडकलेला नाही.

खाली आलो. हाताला तेल नि भाताची शितं लागली होती म्हणून बाथरूममध्ये गेलो, दार लोटलं. आरशात बघितलं नाही. नळ न सोडताच बेसिनच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा राहिलो. दाराच्या चौकटीत, कडी जिथे होती तिथे, चार भोकं आहेत, सुताराने लांबी भरून बुजवलेली. रंग दिला तरी बोटाला लागतात. डोक्यात तो बारीक आवाज आहे का हे मी ऐकत होतो. तेवढ्यात बाहेर स्टूल सरकलं. ती बसताना गुडघ्याने कण्हली ते ऐकू आलं. मी वाट बघत होतो, आणि दाराच्या पलीकडे तीही वाट बघत होती, त्या दुपारपासून.

“निलेश,” ती म्हणाली. “पाणी येता मां रे?”

मी नळ पुरता सोडला, तिला आवाज जाईल एवढा.

“येतंय, आई,” मी म्हटलं. आणि ती पुन्हा विचारायच्या आत, जरा मोठ्याने, पुन्हा म्हटलं, “येतंय.”